मधल्या वाटेची मजुरी



माधवराव सप्रे यांच्या स्मरणार्थ बोलायचे, आणि तेही रायपुरात, म्हणजे शब्द तोलूनच वापरले पाहिजेत. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी असा त्यांचा संसार होता. 1900च्या जानेवारीत पेंड्रासारख्या आडगावातून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि 1926 साली याच शहरात देह ठेवला. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्राचे शब्द त्यांनी सिद्ध केले, ही गोष्ट मात्र फारशी कुणाला आठवत नाही. मला आज त्यांची 1901 सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आठवते आहे. जमीनदाराने एका विधवेची झोपडी बळकावली. तिची नात दुसरीकडे कुठे जेवेचना. आपल्या घरी चल, तिथेच भाकरी खाईन, असा तिचा हट्ट. म्हणून आजी त्या झोपडीतली टोपलीभर माती मागायला जाते, चूल घालण्यासाठी.

ज्या माणसांविषयी मी आज बोलणार आहे, ती त्या नातीसारखीच आहेत. त्यांना गाव सोडायचे नाही. कमाई शहरात आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण रात्री आपल्याच चुलीपाशी परतायचे आहे. अशी माणसे रायपूरच्या चारी दिशांना आहेत आणि रोज पहाटे निघतात. आपण त्यांना शहरात काम करताना पाहतो, गावात राहताना पाहतो. या दोहोंच्या मधे ती असतात तेव्हा आपले त्यांच्याकडे लक्षच नसते.

आषाढ लागला की या जिल्ह्यात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. आरंग, अभनपूर, धरसीवा, तिल्दा या बाजूंचा शेतकरी म्हणतो, रोपा लावायला माणूस मिळत नाही. आणि रायपुरात गांधी मैदानाजवळच्या चावडीवर सकाळी दहापर्यंत ताटकळलेला माणूस म्हणतो, काम मिळत नाही. नागपुरात जिला ठिय्या म्हणतात, मुंबईत नाका म्हणतात, ती ही चावडी. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. दोन्ही माणसे कष्टाळू आहेत, आणि दोघांमधले अंतर तीस-चाळीस किलोमीटरांहून अधिक नाही. मग गाठ का पडत नाही?

या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते: लोक आळशी झाले, फुकटच्या पैशाने बसून खाऊ लागले. मला ते उत्तर मुळीच मान्य नाही, आणि का मान्य नाही ते मी पुढे हिशेबाने सांगेन. माझे म्हणणे असे आहे की घरापासून कामापर्यंतची वाट हा कामाचाच भाग आहे. आपण मात्र ती वाट संपूर्णपणे मजुराच्या पदरात टाकली आहे. तिचा वेळ त्याचा, तिचे भाडे त्याचे, तिच्यावरचा धोकाही त्याचाच. ज्याला आपण मजुरांची टंचाई म्हणतो, तिचा मोठा भाग ही न भरलेल्या अंतराची थकबाकी आहे.

रायपूरच्या बांधकामांवर येणाऱ्या रेजाचा दिवस घ्या. रेजा म्हणजे विटा, रेती, गारा वाहणारी बाई. हा शब्द आपल्या विदर्भातही चालतो. अभनपूरच्या पलीकडच्या एखाद्या गावात ती पहाटे चारला उठते. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवलेला असतो. ती बासी कांद्या-मिरचीबरोबर खायची, थोडी डब्यात घ्यायची. 1 मे 2022 रोजी छत्तीसगड सरकारने कामगार दिनाला बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, मंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ती आनंदाने खाल्ली. तो मान योग्यच होता. पण बासीमागे उन्हाळ्याचे शहाणपण आहे तसेच घड्याळही आहे: पाचला घर सोडायचे तर चूल पेटवायला वेळ कुठला? मग पक्क्या सडकेपर्यंत पायी. तिथे पिकअप, टेम्पो, कधी खाजगी बस. सातच्या सुमाराला चावडी. आठ ते दहा हा सौद्याचा वेळ. मिस्त्री किंवा ठेकेदार येतो, माणसे निवडतो, दर ठरतो. साडेपाच-सहाला काम सुटते आणि घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. मजुरी मिळते ती आठ तासांची. दिवस गेला पंधरा तासांचा.

आणि ज्या दिवशी दहा वाजेपर्यंत कुणी निवडले नाही, त्या दिवशी? दोन्ही वेळचे भाडे खिशातून गेले, मजुरी नाही, आणि गावात परतेपर्यंत तिथलाही दिवस मोडलेला. बाजारात माल विकला गेला नाही तर तो उद्या विकता येतो. आजचा दिवस उद्या विकता येत नाही.

आणखी एक गोष्ट बायांच्या बाबतीत लक्षात घ्यावी लागते. एकटी बाई अंधारात सडकेवर जाऊन उभी राहत नाही. पाराजवळच्या चौघी निघाल्या तर पाचवी निघते. म्हणून गावाला येणारी एक गाडी बंद झाली की एक मजूर कमी होत नाही, सगळा घोळकाच घरी बसतो. अर्थशास्त्राची पुस्तके माणसे एकेकटी मोजतात. गावातून श्रम बाहेर पडतात ते जुडीने.

ही जुडी शंभरहून अधिक वर्षे वाहून नेली ती इथल्या छोट्या रेल्वेने. रायपूर–धमतरी ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन आणि अभनपूरहून राजिमला जाणारा तिचा फाटा 1900च्या सुमारास सुरू झाला. नागपूरहून राजनांदगावपर्यंत 1880च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ आलेच होते. बंगाल नागपूर रेल्वेने ते रुंद करून पुढे बिलासपूरकडे नेले आणि रायपूर मुंबई–कलकत्त्याच्या वाटेवर आले. धमतरीची लाइन या मोठ्या मार्गाला जंगलाशी जोडण्यासाठी घातली गेली. इंग्रजांना लाकूड हवे होते, जंगलमाल हवा होता, धान्य बाहेर काढायचे होते. मजुरांसाठी ती कुणी बांधली नव्हती. पण रूळ पडल्यावर त्यांचा उपयोग लोक ठरवतात. कुरूद, अभनपूर, माना या बाजूंच्या, भाजी पिकवणाऱ्या मरार समाजाच्या बाया टोपले घेऊन त्या गाडीने शहरात येऊ लागल्या आणि बाजारात पसरा मांडू लागल्या. दूधवाले आले, रेजा आल्या, कॉलेजची पोरे आली. गाडी सावकाश चालायची, तिकीट किरकोळ होते, आणि टोपल्याला जागा होती. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बसमध्ये टोपल्याचे वेगळे भाडे पडते किंवा टोपले चढवूच देत नाहीत. मोटारसायकलवर ते बसत नाही. टोपल्यासकट माणूस वाहून नेणारे वाहन या भागात ते एकच होते.

पुढे शहर वाढले. गाडी फाफाडीह, शंकरनगर, तेलीबांधा अशी भर वस्तीतून जायची आणि फाटकांवर मोटारी अडायच्या. शहराच्या दृष्टीने ती अडचण झाली. आधी शहरातला भाग बंद झाला, गाडी केंद्रीहून सुटू लागली, मग तीही थांबली, आणि शहरातल्या रुळांच्या जागी एक्सप्रेस-वे झाला. लाइन रुंद करण्याचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही. शंभर वर्षांपूर्वीची लाइन बदलायलाच हवी. माझा प्रश्न मधल्या वर्षांविषयी आहे. जुनी गाडी बंद होणे आणि नवी सुरू होणे यांत वर्षे गेली, त्या वर्षांत या बाया कशा येत होत्या? जुन्या गाडीच्या बदल्यात तेवढ्याच भाड्याच्या पहाटेच्या बसेस सोडाव्यात, असे कुणाला वाटले नाही. आपल्या विदर्भातही हेच घडले. इतवारी–नागभीड ही नॅरोगेज 2019च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी बंद झाली आणि उमरेड, भिवापूरकडून नागपूरला येणाऱ्यांची स्वस्त गाडी गेली. रूळ उखडताना मालाची पर्यायी व्यवस्था कागदावर तरी असते. माणसांची कागदावरही नसते.

30 मार्च 2025 रोजी पंतप्रधानांनी मंदिर हसौदमार्गे रायपूर–अभनपूर मेमू गाडीला हिरवा झेंडा दाखवला. ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. या गाडीच्या निमित्ताने रेल्वेला माझी विनंती आहे की वेळापत्रक चावडीच्या घड्याळाने लावा. अभनपूरकडची पहिली गाडी सकाळी सातच्या आत रायपुरात पोचली पाहिजे आणि संध्याकाळची शेवटची साडेसहानंतर सुटली पाहिजे. अकरा वाजता पोचणारी गाडी पाहुण्यांच्या कामाची. ती मजुरांच्या कामाची नाही.

भाडे स्वस्त असले आणि गाडी वेळेवर नसली तर काय होते, हे या भागाने अनुभवले आहे. 2009 साली रेल्वेने ‘इज्जत’ पास आणला. महिना दीड हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला शंभर किलोमीटरपर्यंत पंचवीस रुपयांत महिनाभर प्रवास. इतका चांगला विचार रेल्वेने क्वचितच केला असेल. पण पास हातात असून गाडी नसेल तर? 2022च्या उन्हाळ्यात कोळशाच्या मालगाड्यांना वाट देण्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने कितीतरी प्रवासी गाड्या रद्द केल्या. देशाला वीज हवी होती, हे मान्य. पण कोरब्याचा कोळसा पुढे जावा म्हणून भाटापारा-तिल्द्याचा मजूर फलाटावर राहिला. त्या दिवसांची त्याची बुडालेली मजुरी विजेच्या दरात कुणी धरली नाही.

आता आकड्यांकडे वळतो, कारण हे लोक सरकारला दिसत का नाहीत, याचे कारण आकड्यांत आहे. 2011च्या जनगणनेत घर ते काम हे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले. फार मोलाची माहिती मिळाली. देशभरातल्या सुमारे वीस कोटी लोकांविषयी ती आहे, आणि त्यात पायी जाणारे सायकलवाल्यांहून अधिक, सायकलवाले मोटारवाल्यांच्या कितीतरी पट. पण हा प्रश्न विचारला कुणाला? शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांत काम करणारे सोडून उरलेल्यांना. म्हणजे जो माणूस वर्षातले सात महिने शेतीत आणि पाच महिने रायपूरच्या बांधकामावर असतो, त्याची नोंद शेतमजूर म्हणून झाली आणि त्याचा प्रवास नोंदलाच गेला नाही. ज्याला सहा महिन्यांहून कमी काम मिळाले तो सीमांतिक कामकरी. छत्तीसगडात तेव्हा दर तीन कामकऱ्यांमागे जवळजवळ एक असा सीमांतिक होता. खरे तर त्यातले कितीतरी लोक बारमाही राबतात, फक्त एका खात्यात मावत नाहीत.

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2009-10च्या आकड्यांवरून दाखवून दिले की शेतीबाहेर काम करणारे सुमारे 80 लाख लोक राहतात गावात आणि कामाला जातात शहरात. उलट दिशेने, शहरात राहून गावाकडे कामाला जाणारे सुमारे 44 लाख. आणि कामाची जागाच ठरलेली नाही असे सव्वा कोटींच्या आसपास. चावडीवरचा माणूस या तिसऱ्या खात्यात. ज्याला कामाची जागाच नाही, त्याच्यासाठी बसचा मार्ग आखायचा कसा, असे नियोजनकार म्हणेल. पण चावडी तर ठरलेली आहे! ती वर्षानुवर्षे त्याच चौकात भरते. तिथे राज्य सरकारने पाच रुपयांत जेवणाची योजनाही चालवली. जेवण जिथे पोचू शकते तिथे बस पोचायला हरकत नाही.

शेतकऱ्याच्या तक्रारीचे काय? ती मी बाजूला सारणार नाही. धानाला मजूर लागतात ते दोन झटक्यांत. आषाढ-श्रावणात रोपा म्हणजे लावणी आणि निंदाई, मग कार्तिक-मार्गशीर्षात लुवाई आणि मिंजाई, म्हणजे कापणी आणि मळणी. पूर्वी या भागात बियासीची पद्धत होती. बी फेकून पेरायचे आणि रोप महिना-सव्वा महिन्याचे झाले की उभ्या पिकात नांगर घालायचा. तिला माणसे कमी लागत. महानदीचे कालवे आले, गंगरेलचे धरण झाले, पाण्याची खात्री वाढली तसा रोपा वाढला, आणि त्याबरोबर पंधरा दिवसांत सगळ्यांना एकदम मजूर हवेत अशी घाई. आता सरकार क्विंटलला 3100 रुपयांनी एकरी 21 क्विंटलपर्यंत धान घेते, खरेदी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होते. त्यामुळे कापणीची घाईही सगळ्यांची एकाच आठवड्यात. पंधरवड्यापुरती टंचाई पडणार हे उघड आहे. वर्षातले उरलेले दहा महिने त्या मजुराने काय करायचे, हा प्रश्न मात्र शेतकरी विचारत नाही. तो तरी का विचारील? त्याचाही हिशेब पिकापुरताच असतो.

पण या पंधरवड्यात शेतकरी काय करतो ते पाहण्यासारखे आहे. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याकडे कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला दुसऱ्या गावाहून बाया आणायच्या तर शेतकरी स्वतः ऑटो पाठवतो आणि ऑटोचे भाडे स्वतः भरतो. इकडे ट्रॅक्टरची ट्रॉली जाते. मजुरीचा दर ठरतानाच “गाडी तुमची ना?” हा प्रश्न बाया आधी विचारतात. म्हणजे ज्याला आपण मागासलेले क्षेत्र म्हणतो त्या शेतीने मधल्या वाटेची किंमत ओळखली आणि ती मालकाने भरायची असा रिवाजही पाडला. शहरातल्या बांधकामाने, जिथे पैसा कितीतरी अधिक आहे, तो रिवाज अजून उचललेला नाही. मला वाटते, या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याही अहवालात सापडत नाही, बांधावर सापडते.

आता ते फुकट पैशाचे. छत्तीसगडात मार्च 2024 पासून महतारी वंदन योजनेत विवाहित महिलांना महिना हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रात त्याच वर्षी जुलैपासून लाडकी बहीण, दीड हजार. तेव्हापासून बाया कामाला येत नाहीत, असे गावोगाव बोलले जाते. 2025-26 साली छत्तीसगडात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला 261 रुपये. म्हणजे हजार रुपये जेमतेम चार दिवसांची कमाई. चार दिवसांच्या कमाईवर महिना कुणी बसून काढत नाही. फरक पडला असेल तर एवढाच, की सगळ्यात वाईट चार दिवसांना बाई नाही म्हणू शकते. ताप असलेला दिवस, पोराच्या आजारपणाचा दिवस, गाडीत उभे राहायलाही जागा नसलेला दिवस. तेवढे नाही म्हणण्याचे बळ तिला मिळाले असेल, तर मी त्या योजनेचे स्वागतच करीन.

रोजगार हमीचा विषय निघाला, तर आपल्या वि. स. पागे यांची आठवण काढलीच पाहिजे. त्यांच्या कल्पनेतून, 1972च्या दुष्काळात महाराष्ट्राने जी योजना रुजवली, तिचा कायदा झाला आणि 2005 साली देशाने ते तत्त्व उचलले. या केंद्रीय कायद्यात एक छोटे कलम होते: काम गावापासून पाच किलोमीटरांच्या आत द्यायचे, त्यापलीकडे दिले तर मजुरी दहा टक्के अधिक. अंतराला किंमत असते, आणि ती काम देणाऱ्याने मोजायची असते, हे देशाच्या कायद्याने एकदा मान्य केलेले आहे. मी आज काही नवे मागत नाही. 2025च्या अखेरीला संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस 125 केले, पण पेरणी-कापणीच्या काळात मिळून 60 दिवस ही कामे थांबवण्याची तरतूदही केली, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. मला यात एक चूक दिसते. सरकारी काम थांबले म्हणून मजूर शेजारच्या शेतातच जाईल, असे कशावरून? जिथे गाडी नेईल तिथे तो जाईल. तालुक्याच्या सडकेवर रायपूरची गाडी उभी असेल आणि पलीकडच्या गावच्या शेताकडे जायला काहीच नसेल, तर तो रायपूरलाच जाणार.

कारखान्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. उरला, सिलतरा, भनपुरी या पट्ट्यात स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलचे कारखाने दाटीने उभे आहेत. आजूबाजूच्या गावांची कायमची तक्रार असते की धूर आमच्या वाट्याला आणि नोकरी बाहेरच्याला. कारखान्यांचे ठेकेदार म्हणतात, इथला माणूस धान कापायला निघून जातो, बिहार-ओडिशाचा माणूस बिरगावात खोली घेऊन राहतो आणि बारा तास उभा राहतो. जोनाथन पॅरी या मानवशास्त्रज्ञाने अनेक वर्षे भिलाईत राहून केलेला अभ्यास 2020 साली ग्रंथरूपाने आला, त्यात अशीच गोष्ट आहे. 1950च्या दशकात पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा आसपासचे छत्तीसगडी शेतकरी तिथल्या नोकरीला बिचकत होते, आणि बाहेरून आलेल्यांनी त्या जागा भरल्या. पुढे त्याच नोकऱ्या सोन्याच्या ठरल्या. पण ठेकेदाराच्या म्हणण्यातले मर्म ओळखा. त्याला घर नसलेला माणूस हवा आहे. घर, शेत, आजारी आई, गावची जत्रा-मडई असलेला माणूस त्याला परवडत नाही. शंकर गुहा नियोगींनी 1977 पासून दल्ली राजहऱ्याच्या खाणीतल्या ठेका मजुरांना संघटित करताना पगाराच्या बरोबरीने शाळा, दारूबंदी आणि 1983 साली शहीद रुग्णालय उभे केले, ते याच विचाराला उत्तर होते: मजूर आला की त्याचा संसारही येतो. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत त्यांची हत्या झाली. मजुराबरोबर त्याचा संसारही धरावा, ही त्यांची मागणी अजून बाकी आहे.

आता वाटेवरच्या धोक्याकडे येतो. 9 एप्रिल 2024च्या रात्री रायपूर आणि दुर्गच्या मधे, कुम्हारीजवळ, पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांची बस मुरमाच्या खाणीत कोसळली. बारा जण त्या रात्रीच गेले. पुढच्याच महिन्यात, 20 मे रोजी, कवर्धा भागात तेंदूपाने तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत गेली. 19 जण दगावले, बहुतेक सगळ्या बाया. पिकअप हे मालाचे वाहन आहे. त्यात माणसे भरू नयेत हा नियम सगळ्यांना माहीत आहे आणि अपघातानंतर चारसहा दिवस पोलीस तो पाळायलाही लावतात. मग बाया दुसरी पिकअप शोधतात, कारण तिसरे काही नसतेच. नुसत्या चालानांनी हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. मला त्या मृत्यूंचा राग येतो, आणि तो राग पिकअपच्या ड्रायव्हरवर काढण्याची इच्छा होत नाही.

कायदा मात्र सावकाश का होईना, योग्य दिशेला सरकतो आहे, आणि त्यातला एक मोठा टप्पा मराठी मुलखातल्या एका कुटुंबाने लढून गाठला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवमधल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003च्या पहाटे मोटारसायकलवरून कामाला निघाला. पाळी पहाटे तीनची. कारखाना पाचेक किलोमीटर उरला असताना अपघातात त्याचा जीव गेला. भरपाई मंजूर झाली, मग उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तो कामावर पोचलाच नव्हता. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली आणि सांगितले की घर ते काम या प्रवासातला अपघात, त्याचा वेळ-जागा-कारणाने कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच अपघात समजावा. घरच्यांना बावीस वर्षे लागली. कर्मचारी राज्य विमा कायद्यात असे कलम 2010 सालीच आले होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण या सगळ्याला मालक लागतो. चावडीवर निवड व्हायच्या आधी, पिकअपमध्ये असलेल्या रेजेचा मालक कोण? पहाटे साडेपाचला ती कुणाचीच कामगार नसते.

म्हणूनच मला वाटते की तिच्या प्रवासाची जबाबदारी एकट्या मालकावर टाकून भागणार नाही, ती सार्वजनिक वाहतुकीनेच घ्यावी लागेल. इथे छत्तीसगड आणि महाराष्ट्र यांच्यात मोठा फरक आहे. महाराष्ट्राची एसटी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे खेड्यापाड्यांत पोचली. तिच्यावर कितीही टीका करा, 2021-22च्या संपात ती काही महिने थांबली तेव्हा तालुक्यांचे हाल झाले, यावरूनच तिचे मोल कळले. मार्च 2023 पासून महिलांना तिच्यात अर्धे तिकीट आहे. छत्तीसगडला वारशात मध्य प्रदेशचे परिवहन महामंडळ मिळायचे होते, ते मोडीत निघाले, आणि पंचवीस वर्षांत या राज्याने स्वतःचे महामंडळ उभे केले नाही. खाजगी बस जिथे नफा आहे तिथे जाते, आणि पहाटे पाचच्या फेरीत नफा नसतो. 2025 साली राज्याने बस्तर आणि सरगुजा भागांसाठी ग्रामीण बस योजना सुरू केली, ती चांगली आहे. रायपूरच्या भोवतालची गावे शहराजवळ आहेत म्हणून त्यांना तिची गरज नाही, असे मात्र कुणी समजू नये.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. बांधकाम कामगार कल्याणाचा उपकर बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का दराने गोळा होतोच. दिल्ली सरकारने 2022च्या मेमध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांना बसचे मोफत पास दिले. मग रायपुरात का होऊ नये? अडचण नोंदणीची आहे, कारण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि रोज नवा मालक असणाऱ्याला तो देणार कोण? तर चावडीवरच नोंदणीची खिडकी उघडा, सकाळी सात ते दहा, रविवार धरून. ठरवले तर सोय होते: नवा रायपूरला मंत्रालय 2012च्या नोव्हेंबरात गेले आणि वीसेक किलोमीटरांवर रोज जावे लागणार म्हणून कर्मचाऱ्यांसाठी सरकारने बसेसची सोय केली. ती करायलाच हवी होती. ज्यांनी ते मंत्रालय बांधले, त्यांच्या प्रवासाचा विचार त्याच फायलीत, त्याच टेबलावर होऊ शकला असता.

शेवटी या सभागृहातल्या माणसांशी बोलतो. आपल्यापैकी पुष्कळांची घरे बांधली जात आहेत, कुणाचा मजला चढतो आहे, कुणी बिल्डर आहेत, कुणी आर्किटेक्ट. ठेकेदाराशी करार करताना आपण सिमेंटचा ब्रँड लिहून घेतो, सळईची जाडी लिहून घेतो. त्यात एक ओळ वाढवा: मजुरांचे येण्याजाण्याचे भाडे, दर माणशी दर दिवशी, मजुरीहून वेगळे. तेच मजूर सलग ठेवायचे ठरले तर त्यांना चावडीवर दोन तास उभे राहावे लागणार नाही, याचीही सोय त्याच करारात होते. आणि पावसाळ्यात रोप्याच्या पंधरवड्याला काम आपणच बंद ठेवायचे, हे आधीच ठरवून त्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्यांनाही दोन्हीकडे तोंड द्यावे लागणार नाही आणि अभनपूरच्या शेतकऱ्यालाही माणूस मिळेल. हे करायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. रायपुरातल्या शंभर घरमालकांनी या वर्षी ते केले, तर पुढच्या वर्षी चावडीवर दर सांगतानाच रेजा विचारू लागेल, “भाडा अलग ना?”